निनवे नगरातली जनावरे



येत्या १६ ऑगस्टला संत रॉक यांचा सण आहे. आपल्या चर्चमध्ये त्यांचा पुतळा नाही, त्यामुळे पुष्कळांना ते ठाऊक नसतील. पण ज्यांनी कुठे त्यांची मूर्ती पाहिली असेल त्यांना ती नक्की आठवेल. अंगावर यात्रेकरूचा वेष, मांडीवर जखम आणि पायाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा. फ्रान्समधल्या माँपेलिए नगरातले हे संत इटलीत प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत फिरले. शेवटी त्यांनाच प्लेगने गाठले, तेव्हा पिआचेन्झाजवळच्या रानात ते एकटेच जाऊन पडले. तिथे एका सरदाराचा कुत्रा धन्याच्या घरून रोज पाव उचलून त्यांना आणून देई, असे त्यांच्या चरित्रात सांगतात.

माणसांपासून तुटलेल्या माणसाला एका कुत्र्याने जगवले, ही झाली संत रॉकची गोष्ट. आज मला तिच्या उलट बाजूविषयी बोलायचे आहे. संकट आल्यावर जी कुत्री-मांजरे मागे राहतात, त्यांच्याविषयी. काही जण म्हणतील, फादरांना दुसरा विषय मिळाला नाही का? विषय मिळाला नाही असे नाही. हा विषय गेली कित्येक वर्षे माझ्या मनात आहे, आणि बोलायचे तर आधी माझीच चूक सांगावी लागते, म्हणून मी तो टाळत आलो.

जुलै २०१८ चा पाऊस तुम्हाला आठवत असेल. वसई-विरार पाण्याखाली, गाड्या बंद, वीज नाही, मिठागरात माणसे अडकलेली. मी तेव्हा दुसऱ्या धर्मग्रामात होतो. सखल आळ्यांतले लोक वर आणायचे ठरले आणि आम्ही चर्चचा हॉल उघडला. युवासंघाच्या मुलांनी सतरंज्या घातल्या, भगिनीमंडळाने मेणबत्तीच्या उजेडात खिचडी टाकली. कोण ख्रिस्ती, कोण हिंदू, कोण परप्रांतीय भाडेकरू, कोणी विचारले नाही. मला त्या रात्री आपल्या लोकांचा फार अभिमान वाटत होता. अभिमान वाटतो तेव्हा माणसाने सावध राहावे.

रात्री नऊच्या सुमारास एक विधवा मावशी आल्या. पासष्टी ओलांडलेल्या, मुलगा आखातात. डोक्यावर प्लॅस्टिकचे इरले, एका हातात कागदपत्रांची पिशवी आणि दुसऱ्या हातात दोरीला बांधलेला, चिंब भिजलेला गावठी कुत्रा. त्याचे नाव मोती. मी दारातच उभा होतो. आत लहान मुले होती, एका आईने लगेच मुलाला जवळ ओढले. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही आत या. ह्याला बाहेर बांधा." बाहेर म्हणजे कुठे, तर पावसात, फाटकाच्या खांबाला.

मावशी म्हणाल्या, "फादर, हा रात्रीचा माझ्या खाटेखाली झोपतो. एकटा राहायचा नाही."

मी म्हणालो, "मावशी, ही माणसांची सोय आहे. जनावरांचे नंतर बघू."

त्या भांडल्या नाहीत. "बरं फादर. मग आम्ही जातो," एवढेच बोलल्या आणि वळल्या. आम्ही! मी एकाच माणसाला परत पाठवतो आहे असे मला वाटत होते. त्यांच्या हिशेबात ते दोघे होते.

कमरेइतक्या पाण्यातून त्या घरी परत गेल्या. दोन रात्री त्यांनी माळ्यावर काढल्या, मोतीला घेऊन, कोरड्या पोह्यांवर. तिसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर आमच्या दोन मुलांनी त्यांना खाली उतरवले. देवाच्या कृपेने दोघेही वाचले. रविवारी मावशी मिस्साला आल्या, माझ्याच हातून त्यांनी कम्युनियन घेतले आणि मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. आज त्या हयात नाहीत. माझी क्षमा मागायची राहिली, ती आता त्यांच्याकडे मागता येत नाही.

पुढे वाचनात आले की त्या रात्री मी जे केले ते एका अख्ख्या शहराने तेरा वर्षांपूर्वीच केले होते. अमेरिकेतले न्यू ऑर्लिन्स हे जुने कॅथॉलिक शहर. तिथे संत रॉकच्या नावाची वस्तीही आहे. १८६७ साली पीतज्वराची साथ आली तेव्हा फादर थेव्हिस नावाच्या जर्मन धर्मगुरूंनी संत रॉकला नवस केला की माझ्या धर्मग्रामातला एकही माणूस दगावला नाही तर मी तुमच्या नावाने चॅपेल बांधीन. ते चॅपेल १८७६ साली पुरे झाले. दीडशे वर्षे होत आली, लोक अजून तिथे जातात. कुत्र्यासह उभ्या असलेल्या संताच्या याच शहरात २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ आले, पुराचे बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्यात गेला. आपल्याकडचा २६ जुलै तेव्हा जेमतेम महिन्याभरापूर्वीचा होता. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, दावणीला बांधलेल्या म्हशी जागच्या जागी बुडाल्या होत्या. आपण आपल्याच चिखलात होतो, तिकडच्या बातम्या वाचायला सवड कुणाला होती!

न्यू ऑर्लिन्समध्ये आदल्या दिवशी शहर सोडून जाण्याचा हुकूम निघाला. ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांतल्या कित्येकांनी कुत्र्या-मांजरांपुढे दोन-तीन दिवसांचे खाणे-पाणी ठेवले, दार ओढून घेतले आणि गेले. दोन-तीन दिवसांत परत येऊ, अशीच सर्वांची समजूत होती. शहर कित्येक आठवडे उघडलेच नाही. ज्यांच्याकडे मोटार नव्हती, म्हणजे गरीब, म्हातारे, आजारी, ते सुपरडोम नावाच्या मोठ्या स्टेडियममध्ये गेले आणि तिथून बसमध्ये चढताना त्यांना सांगण्यात आले की जनावर न्यायचे नाही. एका लहान मुलाच्या हातातून पोलिसाने त्याचा पांढरा कुत्रा काढून घेतला. मुलगा "स्नोबॉल, स्नोबॉल" म्हणून रडत राहिला, इतका की त्याला उलटी झाली. ही बातमी जगभर छापून आली. त्या पोलिसाला मी दोष देत नाही. त्याला हुकूम होता. मला तर हुकूमही नव्हता.

त्याच शहरातली दुसरी बाजूही सांगतो, कारण ती शिकण्यासारखी आहे. तिथल्या प्राणिरक्षण संस्थेने वादळाच्या आधीच आपल्या निवाऱ्यातली २६३ जनावरे ह्यूस्टनला हलवली होती. पाणी भरल्यावर हेच लोक आणि देशभरातून आलेले स्वयंसेवक होड्यांतून घरोघर फिरले. दारे फोडून आत शिरले, छपरांवरून कुत्री उतरवली, पलंगाखालून मांजरे काढली. जिथून जनावर काढता आले नाही तिथे खाणे-पाणी ठेवून भिंतीवर रंगाने लिहून ठेवले की आत इतकी मांजरे आहेत, अमुक तारखेला खायला घातले, म्हणजे पुढच्या होडीला कळावे. शहराबाहेर गोन्झालेस गावी घोड्यांच्या प्रदर्शनाच्या तबेल्यांत हजारो जनावरे ठेवली गेली. आणि इथे एक मोठी अडचण आली. बहुतेकांच्या गळ्यात नावाचा बिल्ला नव्हता. धनी टेक्ससमध्ये, कुत्रा कुठल्या तरी तिसऱ्याच राज्यात दत्तक गेलेला. जी वाचली त्यांतली थोडीच आपल्या घरी परत पोहोचली. काही ठिकाणी जुना धनी आणि नवा धनी यांचे खटले कोर्टात गेले.

पुढच्या वर्षी झालेल्या एका पाहणीत जे लोक शहर सोडून गेले नव्हते त्यांना कारणे विचारली. त्यांतल्या ४४ टक्क्यांनी जनावराला सोडवेना, हेही एक कारण म्हणून सांगितले. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस! त्यानंतर त्यांच्या संसदेने कायदा केला. लोकप्रतिनिधींच्या सभागृहात ३४९ विरुद्ध २४ मतांनी तो संमत झाला आणि ६ ऑक्टोबर २००६ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली, संत फ्रान्सिस असिसीकरांच्या सणानंतर दोनच दिवसांनी. आपत्तीसाठी केंद्राचा पैसा हवा असेल तर राज्याच्या आणि शहराच्या आराखड्यात पाळीव जनावरांचीही सोय धरलेली असली पाहिजे, असा तो कायदा आहे. आपल्याकडे २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे हेच दिसले. होडी दारात आली तरी गोठ्यात गाय आहे म्हणून माणसे हलेनात. त्यांना अडाणी म्हणणारे पुष्कळ निघाले. बायबल वाचलेल्या माणसाने तसे म्हणू नये.

कारण बायबलमध्ये एका शहराची गोष्ट आहे. योना संदेष्ट्याची. ती आपण मुलांना शिकवतो आणि मोठ्या माशापाशीच थांबतो. खरी गोष्ट पुढे आहे. निनवे नगराचा नाश होणार, असा संदेश योना देतो. राजा घाबरतो, उपासाचा हुकूम काढतो आणि त्या हुकुमात जनावरांनाही धरतो. गुरांनीही चरू नये, पाणी पिऊ नये, त्यांच्याही अंगावर गोणपाट घालावे. ऐकायला गमतीदार वाटते, पण राजाला एक गोष्ट बरोबर कळली होती. शहर बुडते तेव्हा एकटी माणसे बुडत नाहीत. परमेश्वर निनवेला क्षमा करतो आणि योनाला राग येतो. आता ग्रंथाचे शेवटचे वाक्य घरी उघडून पाहा. देव योनाला विचारतो की ज्यांना उजवे-डावे कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे ज्या नगरात आहेत आणि शिवाय पुष्कळ जनावरे आहेत, त्या नगराची मला कीव येऊ नये काय? ग्रंथ तिथेच संपतो. योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. सबंध ग्रंथाचा शेवट जनावरांवर होतो! मी सेमिनरीत हा ग्रंथ शिकलो, त्यावर परीक्षा दिली, आणि तरी त्या रात्री हॉलच्या दारात मला तो आठवला नाही. देवाच्या मोजणीत मोती होता, माझ्या मोजणीत नव्हता.

आता तुमच्या मनातला प्रश्न. माणसे उपाशी असताना कुत्र्यांचे लाड कशाला? हा प्रश्न चुकीचा नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातच असे म्हटले आहे की जो पैसा आधी माणसाचे दुःख दूर करायला लागायचा तो जनावरांवर उधळणे योग्य नव्हे, आणि माणसाला द्यायचे प्रेम जनावराला देऊ नये. मी ते मानतो. वाढदिवसाला कुत्र्यासाठी केक कापायचा आणि घरकाम करणाऱ्या बाईला शिळे द्यायचे, हे मी या वसईतच पाहिले आहे. मला ते पाप वाटते. प्रभूनेही म्हटले की तुम्ही चिमण्यांपेक्षा मोलाचे आहात. पण त्याच ठिकाणी प्रभू हेही सांगतो की त्या चिमण्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडलेला नाही. आपण अर्धे वाक्य पाठ करतो आणि अर्धे सोडतो. त्याच धर्मशिक्षण ग्रंथात जनावरांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे असेही लिहिले आहे, आणि जनावरांशी मायेने वागणाऱ्यांत संत फ्रान्सिस आणि संत फिलिप नेरी यांची नावे घेतली आहेत. फिलिप नेरींची एक गोष्ट सांगतात. रोममध्ये ते जुन्या जागेतून नव्या मठात राहायला गेले तेव्हा त्यांची मांजर जुन्या खोलीतच राहिली. मग त्यांनी आपल्या शिष्यांना पाळीपाळीने तिला खायला घालायला पाठवले, आणि शिष्य परत आला की चारचौघांत विचारायचे, मांजर कशी आहे, आज जेवली का? मोठमोठे लोक भेटायला बसलेले असत. शिष्यांची मान खाली जाई. त्यांचा अहंकार उतरवण्याची ती युक्ती होती असे म्हणतात. असेलही, पण मांजरीचे पोट भरत होते हे खरे.

आणि हा पैशाचा प्रश्न नाहीच. त्या रात्री मोतीसाठी काय लागले असते? हॉलच्या मागच्या व्हरांड्यात चार हात जागा आणि एक गोणपाट. मावशींना भुकेल्या माणसाचा घास काढून द्या असे त्या म्हणत नव्हत्या. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली गोष्ट आठवा. गरीब माणसाकडे एकच कोकरू होते. ते त्याच्या ताटात खाई, त्याच्या वाटीतले पिई, कुशीत झोपे, त्याला मुलीसारखे होते. श्रीमंताने तेच उचलून नेले. दावीद संतापला, तो माणूस मरणास पात्र आहे म्हणाला, आणि तो माणूस तूच, असे उत्तर त्याला मिळाले. नाथान किंवा दावीद, दोघांपैकी एकानेही असे म्हटले नाही की एका कोकराचे काय एवढे! गरीब माणसाजवळ जे एकच उरले आहे त्याची किंमत बाजारात ठरत नाही. आपल्या धर्मग्रामात आज किती घरांत मुले कॅनडा-ऑस्ट्रेलियाला आहेत आणि घरात एकटी आई किंवा एकटा बाप आहे, ते तुम्हीच मोजा. त्या घरात संध्याकाळी दार उघडल्यावर शेपूट हलवत कोण येते? त्याला खांबाला बांधा म्हणणे फार सोपे आहे.

प्रभू येशूने शब्बाथाच्या वादात शास्त्री-परूश्यांना विचारले होते की तुमच्यापैकी कुणाचा मुलगा किंवा बैल विहिरीत पडला तर तुम्ही शब्बाथ म्हणून थांबाल काय? मुलगा किंवा बैल, दोन्ही एका दमात. आपल्याकडे बावखले होती तोवर ही उपमा समजावून सांगावी लागत नसे. जनावर बावखलात पडले की सारी आळी दोर घेऊन धावायची. (ती बावखले बुजवून आपण इमारती बांधल्या आणि आता पाणी घरात आले म्हणून रडतो, पण त्यावर वेगळे प्रवचन द्यावे लागेल.)

म्हणून धर्मग्राम परिषदेपुढे मी हा विषय ठेवला. बैठकीत थोडे हसू झाले, मग चर्चा झाली. एका भगिनीने रास्त मुद्दा मांडला की तिच्या नातवाला कुत्र्याची भीती वाटते आणि दुसऱ्याला केसांनी दमा होतो. तिचेही बरोबर आहे. म्हणून जनावरे मुख्य हॉलमध्ये येणार नाहीत. हॉलमागचा झाकलेला व्हरांडा आणि धर्मशिक्षणाची शेवटची खोली त्यांच्यासाठी राहील. जनावराबरोबर कुणाला राहायचे असेल तर तिथेच चटई मिळेल. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असावी आणि तिचा कागद बरोबर आणावा. ज्यांनी दिलेली नाही त्यांनी पाऊस जोर धरण्याआधी द्यावी. पुराच्या पाण्यातून लेप्टोचा ताप येतो, २००५ साली मुंबईत पाणी ओसरल्यावर त्याने कितीतरी माणसे नेली, तेव्हा लेप्टोच्या लसीविषयीही डॉक्टरांना विचारावे.

आणखी काही गोष्टी. गळपट्ट्यावर फोन नंबर लिहा, न पुसणाऱ्या शाईने. मोबाइलमध्ये जनावराचा फोटो असू द्या, तुमच्यासह काढलेला, म्हणजे ते तुमचे आहे हे उद्या दाखवता येईल. मांजर हातात धरून पाण्यातून नेता येत नाही, ओरबाडते आणि निसटते. टोपली नसेल तर उशीच्या अभ्र्यात घालून तोंड सैल बांधा, तेवढ्या वेळापुरते त्याला हवा पुरते. आणि घर सोडताना अगदीच नाइलाज झाला, जनावर नेता येईना, तर निदान त्याची साखळी सोडा, कोंबड्यांचे खुराडे उघडा, वरच्या मजल्याचे दार मोकळे ठेवा आणि दारावर खडूने लिहा की आत कोण आहे. बांधलेले जनावर टाकून जाणे हे सर्वांत वाईट. ते पोहू शकते, चढू शकते, फक्त गाठ सोडू शकत नाही. पण कुणीही जनावरासाठी वाहत्या पाण्यात उडी घेऊ नये. आमच्या मुलांना कळवा. दोर, ट्यूब आणि एक छोटी होडी आहे, आणि कुठल्या घरात म्हातारे माणूस व जनावर आहे याची यादी हाताशी असली तर ते आधी तिकडे जातील.

ती यादी लघु ख्रिस्ती समूहांच्या प्रमुखांनी या आठवड्यात करावी. घरातल्या माणसांच्या नावांखाली जनावरांचीही नावे लिहा, नुसता आकडा नको. अंधारात हाक मारायला नाव लागते. शेजारच्या हिंदू, मुस्लिम घरांनाही विचारा.

१६ ऑगस्टला संध्याकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात जनावरांना आशीर्वाद दिला जाईल. कुत्री दोरीला असावीत. कोंबड्या, बकऱ्या आणल्या तरी चालतील. व्हरांड्याची चावी सॅक्रिस्टनकडे आहे, आणि एक चावी माझ्या खोलीबाहेर खिळ्याला टांगलेली राहील, रात्री कुणीही घ्यावी, मला उठवण्याची गरज नाही. जुनी गोणपाटे, चादरी, जर्मनची भांडी कुणाकडे असतील तर ऑफिसात आणून द्यावीत. दोऱ्या नकोत, त्या पुष्कळ जमल्या आहेत.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू